परसातले रकून, स्कंक आणि ग्राउंडहॉग: कधी काय बंद करायचं आणि कधी हात लावायचा नाही

खुरपं

बागकामाच्या धाग्यात दर उन्हाळ्यात तेच चार प्रश्न येतात. लॉन रातोरात कुणी उलटवलं, डेकखाली (घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली) कोण राहायला आलंय, मका तोडायच्या आदल्या रात्री कुणी साफ केला आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण कोण उघडतं. उत्तरं जुन्या प्रतिसादांत विखुरली आहेत, म्हणून हा वेगळा धागा. डोळ्यांसमोर आहे तो न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिडवेस्ट आणि दक्षिण ओंटारिओचा पट्टा. बाकीच्यांनी आपापल्या भागाची भर घालावी.

नव्याने आलेल्यांसाठी: रकून म्हणजे काय, तर कोकणातल्या माळ्यावर धुडगूस घालणारं उदमांजर आठवा. अंगापिंडाने त्याच्या साधारण दुप्पट, आणि पुढचे पंजे अक्षरशः हातासारखे चालतात. कडी, हूक, फिरकी, सरकतं झाकण हे सगळं तो चाचपडून उघडतो. बघण्यापेक्षा त्याचा भर स्पर्शावर असतो, त्यामुळे अंधाराची त्याला अडचण नाही.

तो येतो दोन गोष्टींसाठी, खाणं आणि बिळाची जागा. या दोन्ही बंद केल्या तर तो आपली वाट बदलतो. त्या उघड्या ठेवून प्राणी तेवढा हाकलला, तर थोड्या दिवसांत त्याच वाटेने दुसरा येतो. खाणं कधीही बंद करा, त्याला मुहूर्त लागत नाही. जागा बंद करायला मात्र मुहूर्त लागतो, आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

रकूनची वीण संक्रांतीपासून होळीपर्यंत चालते. साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे बहुतेक एप्रिल-मे महिन्यात, तीन ते पाच पिल्लं होतात. त्यांचे डोळे उघडायला तीनेक आठवडे लागतात आणि आठ-दहा आठवडे ती बिळातच असतात. स्कंकची (काळा-पांढरा, घाण वासाचा फवारा उडवणारा प्राणी) पिल्लं मे-जूनमध्ये होतात. ग्राउंडहॉगची (खारीच्या कुळातला जाडजूड, बिळात राहणारा प्राणी) एप्रिल-मेमध्ये, पण तो ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत गाढ झोपलेला असतो. म्हणजे वसंतात बीळ बुजवलं तर आई बाहेर आणि पिल्लं आत. थंडीत बुजवलं तर झोपलेला ग्राउंडहॉग आतच गाडला जातो. तिघांचं गणित जुळवलं की उरतात ते गणपती ते दसरा एवढेच दिवस. डेकखालचं आणि शेडखालचं काम तेव्हाच काढायचं.

मॅपलपान

चांगला धागा, वाखु (वाचनखूण) साठवली. कचऱ्यापासून सुरुवात करते.

टोरांटोने २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे वाटले, ज्यांचं कुलूप फिरवून उघडावं लागतं. ते मुद्दाम रकूनला डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे. तरी एक पळवाट राहते. डबा जोरात आडवा पाडला आणि मूठ नेमकी अर्धवट फिरलेली असली तर झाकण सुटतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. मूठ कुलूप पूर्ण लागेपर्यंत फिरवायची, आणि डबा आडवा पडणार नाही असा बांधायचा. भिंतीला किंवा कुंपणाच्या खांबाला एक आयहूक, त्यातून एक बंजी (हुकाची, ताणली जाणारी) दोरी डब्याच्या मानेभोवती. काम झालं.

साध्या झाकणाच्या डब्याला दोन बंजी लागतात, झाकणावरून फुलीसारख्या. एकच लावली तर झाकणाचा कोपरा वर उचलून हात आत जातो. आणि डबा रस्त्यावर ठेवायचा तो गाडी येण्याच्या दिवशी सकाळी. आदल्या रात्री ठेवून वर विटा रचण्यात अर्थ नाही. वीट ढकलायला त्याला दोन मिनिटं पुरतात.

आपल्या घरांतला खरा घोळ कंपोस्टचा. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं ठीक. पण फोडणीचं तेल लागलेलं काहीही, पोळी, भात, पनीर, तुपातली मिठाई हे उघड्या कंपोस्टात गेलं की वास दूरवर जातो. आंब्याच्या कोयी आणि फणसाची साल हेही त्याच यादीत. गणपतीचं निर्माल्य टाकताना फुलं-पत्री वेगळी करा, मोदकाचा तुकडा त्यात नको. शिजलेलं मुरवायचंच असेल तर घट्ट झाकणाची बोकाशी (कचरा आंबवून मुरवणारी) बादली घरात ठेवा. बाहेरच्या पिंपात ओल्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडी पानं घाला आणि पिंपाखाली अर्ध्या इंची जाळी अंथरा, नाहीतर खालून उंदीर येतात.

पिंपळपार

+१. यात पितृपक्षाचं पान राहिलं. तिथीला डेकवर पान ठेवतात, कावळे येतातही, पण उरलेली खीर-वडे रात्रभर तिथेच राहतात. सप्टेंबर म्हणजे रकूनचे थंडीआधी चरबी साठवायचे दिवस. एकदा डेकवर जेवण मिळालं की पुढचे कित्येक दिवस तो त्या वेळेला हजेरी लावतो. कावळा शिवला की पान उचला, न शिवला तरी अंधाराआधी उचला आणि फळ्या पाण्याने धुवा. दिवाळीत तेलाच्या पणत्या बाहेर विझल्या की आत घ्या. पणतीतलं तेल खारीही चाटतात आणि वाती ओढून नेतात.

कुत्र्या-मांजरांच्या खाण्याची ताटली, ग्रिलखालचा तेलाचा ट्रे आणि झाडाखाली पडलेली सफरचंदं-चेरी याच रांगेतल्या.

सरळसोट

इतका खटाटोप कशाला? दुकानात पिंजरा भाड्याने मिळतो. आत मार्शमॅलो ठेवायचे, सकाळी गाडीत घालून वीस मैलांवरच्या जंगलात सोडून यायचं. हाकानाका.

खुरपं

@सरळसोट, आधी कायदा बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलेला वन्यप्राणी आपल्या जागेबाहेर नेऊन सोडणं बेकायदा आहे. कॅलिफोर्नियातही परवानगीशिवाय दुसरीकडे सोडता येत नाही. ओंटारिओत पकडल्याच्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत आणि २४ तासांच्या आत सोडावा लागतो. बाकी राज्यांचे नियम वेगवेगळे, आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पानावर बघून घ्या.

कायदा सोडला तरी पिंजऱ्याने काम होत नाही, उलट बिघडतं. मे-जूनमध्ये पकडली जाते ती बहुतेकदा दूध पाजणारी मादी, कारण भूक तिला जास्त. ती वीस मैलांवर गेली की चार पिल्लं तुमच्या छतात मरतात आणि त्या वासाला उपाय म्हणजे छताचं जिप्सम फोडणं. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूरोग) असल्या प्रवासातूनच नव्या भागात पोचतात.

डेकवाला

डेकखालची जागा बंद करायचं काम नीट लिहितो, कारण यात ज्या चुका होतात त्या सगळ्या मापाच्या असतात.

जाळी: हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळते ती, अर्ध्या इंची चौकटीची, १६ गेज असेल तर उत्तम, १९ गेज चालेल. कोंबड्यांची षटकोनी जाळी आणू नका. ती कोंबडी आत ठेवते, रकूनला बाहेर ठेवत नाही. रुंदी ३६ इंच घ्या. डेकची चौकट जमिनीपासून १४ इंचांपर्यंत असेल तर हिशेब असा: चौकटीवर २ इंच, खाली जमिनीपर्यंत १४, जमिनीत ८ आणि चराच्या तळाशी बाहेरच्या बाजूला आडवी १२. झाले ३६. उंची जास्त असेल तर ४८ इंची घ्या. जमिनीतली खोली कापून माप जुळवायचा मोह होतो, तो टाळा.

खणायच्या आधी: अमेरिकेत ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनी आखून घ्यायच्या. हे फुकट असतं, पण काही दिवस आधी सांगावं लागतं. ओंटारिओत त्यासाठी ओंटारिओ वन कॉल आहे.

चर: चौकटीला समांतर, ८ इंच खोल, बाहेरच्या बाजूला १२ इंच रुंद. जाळी तळाशी काटकोनात वाकवून आडवा भाग बागेच्या दिशेला. आत वाकवली तर सगळं काम फुकट. प्राणी भिंतीला चिकटून खणतो, आडवी जाळी लागली की थांबतो. मागे सरून बारा इंचांवरून नव्याने सुरुवात करायची अक्कल त्याला बहुधा होत नाही. आडव्या भागावर दोन-चार दगड ठेवून मग माती ओढा.

जोडणी: सव्वा इंची डेक स्क्रू आणि खाली रुंद वॉशर, दर सहा इंचांवर एक. स्टेपलगनच्या पिना चालत नाहीत, त्या पंजाने उचकटून निघतात. दोन तुकडे जोडताना चार इंच एकावर एक चढवा आणि तारेने शिवा. कोपऱ्यात आडव्या भागाला चीर देऊन दुमडावं लागतं, तिथे त्रिकोणी फट राहते. वरून जाळीचा तुकडा ठेवून ती झाका. नव्वद टक्के काम झाल्यावर उरलेली दोन वितींची फट "उद्या करू" म्हणून सोडलेली असते आणि तीच वाट ठरते. रकूनला साधारण चार इंचांची फट पुरते.

पूर्ण बंद करण्याआधी आत कोणी नाही याची खात्री लागते. जाण्या-येण्याच्या भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर भरा. दोन-तीन रात्री बोळे जसेच्या तसे राहिले आणि हवा थंड नसली तर आत कोणी नाही. ढकललेले दिसले तर एकतर्फी दार लावायचं: त्याच जाळीचा किंवा पातळ पत्र्याचा तुकडा वरून बिजागरीवर टांगलेला, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा, फक्त बाहेरच उघडणारा. ते पाच-सात रात्री राहू द्या, मग ते भोकही बंद करा.

निवडुंग

पण मे महिन्यात लक्षात आलं आणि पिल्लं आत आहेत तर काय करायचं? तोपर्यंत गप्प बसायचं?

डेकवाला

@निवडुंग, गप्प बसणं हाही एक चांगला उपाय आहे. आठ-दहा आठवड्यांत पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागतात आणि बीळ सुटतं. घाईच असेल तर जागा गैरसोयीची करा. रकूनच्या मादीला आसपासच्या दोन-तीन जागा ठाऊक असतात; ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. दिवसभर रेडिओ लावा, गाण्यांपेक्षा बोलण्याचा कार्यक्रम बरा, बिळाच्या तोंडाजवळ एक प्रखर दिवा आणि सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी. संध्याकाळी सुरू करा म्हणजे रात्रभर हलवाहलव करता येते. तिला दोन-तीन रात्री द्या.

दोन गोष्टी करू नका. डांबराच्या गोळ्या टाकू नका: बंद जागेत त्यांची वाफ घरात येते, पिल्लांना विषबाधा होते आणि वेष्टनावरच्या वापराबाहेर त्या कुठेही टाकणं अमेरिकेत बेकायदा आहे. आणि एकतर्फी दार या दिवसांत मुळीच नको.

मॅपलपान

घराच्या चिमणीबद्दलही (धुराड्याबद्दल) हेच. उघड्या चिमणीत रकूनची मादी आवडीने पिल्लं घालते, धुराड्याच्या आतल्या कट्ट्यावर. आवाज आला म्हणून खाली जाळ करू नका. मादी वर पळते, पिल्लं भाजतात. डँपर (धुराड्याची झडप) बंद ठेवा, त्याखाली रेडिओ. ती गेल्यावर स्टेनलेस स्टीलचं जाळीदार टोपण बसवून घ्या. आत पक्षी असतील तर थांबावंच लागतं: चिमणी स्विफ्ट या पक्ष्याचं घरटं असताना ते हलवणं अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने मना आहे.

छतावर चढायची वाट बहुतेकदा झाडाची असते. छतापासून सहा-आठ फुटांत येणाऱ्या फांद्या कापा.

हिरवळ

लॉनवाल्यांसाठी. खड्डे बघून गुन्हेगार ओळखता येतो. हिरवळीचे तुकडे चटईसारखे गुंडाळून उलटे टाकलेले असतील तर रकून. तीन-चार इंचांचे, शंकूसारखे, नाक खुपसल्यासारखे सुटे खड्डे असतील तर स्कंक. दोघांनाही हवे असतात ते मातीतले हुमणीसारखे पांढरे, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले किडे, म्हणजे जपानी बीटल आणि युरोपियन शेफर यांच्या अळ्या.

फवारणीच्या आधी मोजा. फूटभर लांब, फूटभर रुंद चौकोन तीन बाजूंनी कापून हिरवळ पुस्तकाच्या पानासारखी उलटा, तीन इंचांपर्यंतच्या मातीत अळ्या मोजा. असं चार ठिकाणी. चौरस फुटात पाचपेक्षा कमी असतील तर काही करू नका, निरोगी गवत तेवढं सोसतं. दहाच्या वर असतील तर उपाय करा. मधल्या आकड्याला गवताची तब्येत बघून ठरवा.

उपाय म्हणजे नेमाटोड, हेटरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या नावाचे. हे जिवंत सूक्ष्म कृमी असतात, म्हणून यात हमखास चुका होतात:

वेळ: ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. तेव्हा अळ्या लहान आणि पृष्ठभागाजवळ असतात. मे महिन्यातल्या जाड अळ्यांवर पैसे वाया.

साठवण: फ्रिजमध्ये, तारीख बघून. गाडीच्या डिकीत तासभर तापले तरी मेले.

फवारा: पंपाच्या तोंडाची बारीक जाळी काढून टाका, नाहीतर त्यात अडकतात. दर थोड्या वेळाने पंप हलवा, ते तळाशी बसतात.

पाणी: आधी लॉन ओलं करा, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत मारा (उन्हाने मरतात), लगेच वरून पाणी द्या आणि पुढचे आठ-दहा दिवस माती ओली ठेवा. मातीचं तापमान १५ अंश सेल्सियसच्या वर हवं.

ओंटारिओत शोभेच्या लॉनवर रासायनिक कीटकनाशकं एप्रिल २००९ पासून बंद आहेत, त्यामुळे तिकडे बहुतेक सगळे याच मार्गाने जातात. अमेरिकेत रसायन वापरणार असाल तर क्लोरँट्रॅनिलीप्रोल वसंतात, एप्रिल-मेमध्ये टाकावं लागतं. खड्डे दिसल्यावर टाकून उपयोग नाही. इमिडाक्लोप्रिड जिथे चालतं तिथे टाकायचं तर आधी लॉनमधली क्लोव्हरची फुलं कापून काढा, मधमाश्यांसाठी. माझं मत विचाराल तर तेही नको.

नवी हिरवळ अंथरली असेल तर मुळं धरेपर्यंत दोन-तीन आठवडे पक्ष्यांची जाळी टाकून सहा इंची यू-पिनांनी दर फुटावर खिळवा.

दुधीभोपळा

भाजीच्या वाफ्याचं मी लिहितो.

ग्राउंडहॉगची पसंती आपल्या बागेशी भलतीच जुळते: घेवडा, वाटाणा, मेथी, कोबी, दुधीचे कोवळे शेंडे. तो दिवसा येतो, खणतो आणि चढतोही. चार फुटी जाळी घ्या, पण वरचे १२ ते १५ इंच खांबाला बांधू नका, बाहेरच्या बाजूला लोंबते ठेवा. चढताना तो भाग त्याच्या वजनाने मागे वाकतो आणि तो खाली येतो. ताठ बांधलेलं कुंपण तो शिडीसारखं चढतो. खाली डेकवाल्यांनी सांगितलं तसंच बाहेर वळवलेलं पाऊल.

सशांना दोन फूट उंचीची एक इंची जाळी पुरते, पण तळ जमिनीला घट्ट हवा. लॉनमध्ये गवत-केसांचा खळगा दिसला तर ते सशाचं घरटं. आई फक्त पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणून पिल्लं "टाकून दिलेली" वाटतात. तीन आठवड्यांत ती निघून जातात. तेवढ्यापुरतं मशीन बाजूने फिरवा.

हरणांना आठ फूट. सहा फुटी कुंपण म्हणजे त्यांच्यासाठी उंबरठा.

मका पिकवणाऱ्यांनी विजेची तार घ्यावी, दुसरं काही टिकत नाही. कणसाची शेंडी तपकिरी झाली आणि दाणा दुधावर आला की रकून तुमच्या एक-दोन रात्री आधी येतो. दोन तारा: जमिनीपासून ६ आणि १२ इंचांवर. मका भरायच्या दोन आठवडे आधीपासून चालू, संध्याकाळ ते सकाळ. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून खालची पट्टी आठवड्याला कापा. सगळ्यात जास्त कुचकामी ठरतो तो अर्थिंगचा खिळा: कोरड्या मातीत फूटभरच ठोकलेला असतो. तीन फूट तरी आत हवा. कलिंगडालाही हीच तार, नाहीतर वरून अख्खं दिसणारं फळ मुठीएवढ्या भोकातून आतून कोरलेलं निघतं.

कढीपत्ता आणि तुळशीच्या कुंड्या उन्हाळ्यात बाहेर ठेवता त्यातली माती खारी उकरतात, शरद ऋतूत जास्त, फळं पुरायला. मातीवर अर्ध्या इंची जाळीचा गोल कापून ठेवा, बुंध्यासाठी मध्ये चीर.

निवडुंग

हलचाल टिपून पाणी उडवणारे फवारे, कायोटीचं (कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याचं) मूत्र, अल्ट्रासोनिक पेट्या, लाल मिरची. यातलं खरंच काय चालतं?

हिरवळ

फवारा चालतो, पण दर तीन-चार दिवसांनी त्याची जागा बदलावी लागते. एकाच जागी ठेवला की रकून त्याच्या कक्षेबाहेरून फिरतो. थंडी पडायच्या आधी नळापासून सोडवा, आतलं पाणी गोठून फुटतो. बाकी तिन्हींवर पैसे घालवू नका. मिरची फक्त पक्ष्यांच्या दाण्यात कामाची: पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारींना लागतं. फीडरसाठी खारींचं माप ५-७-९ लक्षात ठेवा: जमिनीपासून ५ फूट, बाजूच्या झाड-भिंतीपासून ७ फूट, वरच्या फांदीपासून ९ फूट खाली. रकूनसाठी खांबावर ८ इंच व्यासाचा, दोन-अडीच फूट लांब धुराड्याचा पाइप, वरचं तोंड बंद करून. न्यू जर्सीच्या अस्वलांच्या भागात असाल तर वसंतापासून थंडीपर्यंत फीडर लावूच नका.

काळजीवाहू

आता तो विषय जो कोणी काढत नाही: विष्ठा.

रकून ठरावीक जागी शौचाला बसतात. झाडाचा बुंधा, लाकडाची रास, सपाट छत, डेकचा कोपरा. कुत्र्याच्या विष्ठेसारखी दिसते, पण एका जागी ढीग आणि त्यात फळांच्या बिया. तिच्यात बेलिसॅस्करिस प्रोसायोनिस या जंताची अंडी असू शकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूत आणि डोळ्यांत शिरू शकतात. असं क्वचित घडतं. पण माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका सगळ्यात जास्त.

ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, ती तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून दिसल्या दिवशी काढायची. फेकून देता येतील असे हातमोजे, रबरी बूट, एन-९५ मास्क. आधी पाणी शिंपडून ओलं करा म्हणजे धूळ उडत नाही. फावड्याने उचलून दुहेरी पिशवीत, पिशवी कचऱ्यात, कंपोस्टात नव्हे. मग त्या जागी उकळतं पाणी ओता. ब्लीचने अंडी मरत नाहीत, थंडीने गोठूनही मरत नाहीत. मरतात ती उष्णतेने. फावडं आणि बूटही उकळत्या पाण्याने धुवा. झाडू, ब्लोअर, प्रेशर वॉशर यातलं काहीही वापरू नका, अंडी सगळीकडे उडतात. मुलांच्या वाळूच्या हौदाला रोज रात्री झाकण, भाजीच्या वाफ्यात विष्ठा सापडली तर वरची दोन-तीन इंच मातीही काढा.

रेबीज: दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला असं नाही. पिल्लांची आई दिवसाही खायला फिरते. झोकांड्या, गोल गोल फिरणं, मागचे पाय ओढणं, माणूस जवळ गेला तरी न हलणं ही लक्षणं दिसली तर आत जा आणि अ‍ॅनिमल कंट्रोलला (प्राण्यांचा बंदोबस्त करणाऱ्या स्थानिक खात्याला) फोन करा. डिस्टेंपरचीही लक्षणं अशीच असतात. तो माणसाला होत नाही, कुत्र्याला होतो, म्हणून लशी वेळच्या वेळी.

चावलं किंवा ओरखडलं तर १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर. पूर्वी लस न घेतलेल्याला पहिल्या दिवशी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लस, मग ३, ७ आणि १४ व्या दिवशी लस. भारतात पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर तसं सांगा, कागद असतील तर दाखवा. मग सहसा इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही आणि दोनच डोस पुरतात. झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं तरी डॉक्टरकडे जायचं, चावल्याची खूण दिसत नसली तरी.

पूर्वेकडच्या राज्यांत केंद्रीय कृषी खातं दरवर्षी रकूनसाठी तोंडी लशीची आमिषं टाकतं, विमानातून आणि हाताने. मासळीचा वास येणारी, केचपच्या पुडीएवढी दिसतात. कुत्र्याने गिळली तर घाबरू नका आणि त्याच्या तोंडात हात घालून काढू नका. फुटलेली हाताला लागली तर हात धुवा आणि वर छापलेल्या नंबरला फोन करा.

सरळसोट

बरं, पिंजरा रद्द. कुत्र्यावर स्कंकने घाण वासाचा फवारा उडवला तर? टोमॅटोचा रस?

काळजीवाहू

टोमॅटोने वास जात नाही, आपलं नाक त्या वासाला सरावतं इतकंच. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाचं मिश्रण वापरा: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १ लिटर, खायचा सोडा पाव कप, भांड्यांचं द्रव साबण एक-दोन चमचे. कुत्रा ओला करायच्या आधीच हे चोळायचं, डोळे-तोंड वाचवून, पाच मिनिटांनी धुवायचं. हे फेसाळत असतानाच काम करतं, म्हणून आयत्या वेळी उघड्या बादलीत कालवा. उरलेलं बाटलीत भरून ठेवलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटते. काळ्या कुत्र्याचे केस जरा तांबूस होतील.

पिंपळपार

अवांतर: पॉसमला (मांजराएवढा, पिल्लं पोटपिशवीत वाढवणारा प्राणी) कोणी हात लावू नका. तो खणत नाही, छतात फार दिवस राहत नाही, त्याच्यात रेबीज क्वचितच आढळतो. मेल्यासारखा पडला असेल तर कुत्र्याला आत घ्या, तासा-दोन तासांत उठून जातो. मात्र तो हंगामात हजारो गोचिड्या खातो म्हणून जे फिरतं त्यावर विसंबू नका. मोकळ्या पॉसमांची पोटं तपासली तेव्हा गोचिड्या सापडल्या नाहीत. गोचिड्यांमुळे होणाऱ्या लाइम रोगासाठी रोज अंग तपासणं आणि गवत आखूड ठेवणं हेच.

निवडुंग

@डेकवाला, एकतर्फी दारापुढे ठसे बघायला पीठ पसरा असं वाचलं. कणीक की मैदा?

डेकवाला

दोन्ही नको, मुंग्या लागतात आणि खारी चाटून जातात. पांढरी रांगोळी वापरा, दगडाची भुकटी, खायची नाही. दारापुढे दोन फूट बाय दोन फूट, चाळणीने, दोन मिलिमीटर जाड. संध्याकाळी टाकायची, पहाटे बघायची. पाच लांब बोटांचा लहान मुलाच्या हातासारखा ठसा म्हणजे रकून. पाच बोटं आणि पुढे सुटे नखांचे ठिपके म्हणजे स्कंक. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच बोटं म्हणजे ग्राउंडहॉग. मागच्या पायाचा अंगठा आडवा बाहेर आलेला म्हणजे पॉसम. ठसे फक्त बाहेर जाणारे दिसले तर दार काम करतंय. ये-जा दोन्ही दिसली तर जाळीत कुठेतरी दुसरी फट आहे. कोपऱ्यातल्या त्या त्रिकोणापासून शोधायला लागा.

निवडुंग

आणि दव पडलं तर?

डेकवाला

मग रांगोळी दगड होते. पहाटे अडीच-तीनलाच टॉर्च घेऊन बघा, नाहीतर वर कलती फळी टाकून आडोसा करा.